दहावीनंतरचा फॉर्म: शाळेचं काम दाखला देऊन संपतं का?

सांगोल्याचा मास्तर

मी 19 वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवतोय. 2025 च्या जूनमध्ये एका विद्यार्थिनीच्या बाबतीत जे घडलं ते मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढतोय.

त्या वर्षी अकरावीचे ऑनलाइन प्रवेश पहिल्यांदाच सगळ्या राज्याला लागू झाले. तोवर ही पद्धत मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांपुरतीच होती. आमच्याकडची मुलं गुणपत्रक घेऊन तालुक्याच्या कॉलेजात जायची, फॉर्म भरायची आणि विषय संपायचा. आता दहापर्यंत कॉलेजं पसंतीक्रमाने टाकायची. त्यातलं पहिलंच मिळालं तर तिथं प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर, थेट सर्वांसाठी खुल्या फेरीपर्यंत थांबायचं.

हा नियम त्या मुलीला ठाऊक नव्हता. तिला 88 टक्के होते. फॉर्म नेट कॅफेत भरला आणि पहिल्या रकान्यात सोलापूरचं एक नावाजलेलं कॉलेज टाकलं, कारण शेजारी उभ्या असलेल्या कुणीतरी "मोठं नाव वर टाक" असं सुचवलं. जून संपता संपता यादी लागली आणि तेच कॉलेज मिळालं. सोलापूरला राहायची सोय नाही, रोज जाऊन-येऊन जमण्यासारखं नाही. फॉर्मवर मोबाइल नंबरही कॅफेवाल्याचा होता, त्यामुळे मेसेज तिच्यापर्यंत आलाच नाही. ती माझ्याकडे आली तेव्हा प्रिंट चार घड्या घालून दाखल्यांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेली होती. तिनं मला एकच विचारलं, "सर, हे आता खोडता येतं का?"

नाही येत. खुल्या फेरीपर्यंत तालुक्याच्या कॉलेजातल्या अनुदानित तुकडीच्या सायन्सच्या जागा भरल्या होत्या. ती आज विनाअनुदानित तुकडीत आहे आणि तिचे वडील डाळिंबाच्या पैशातून फी भरतायत. एका रकान्याचा फरक होता.

त्याच वर्षी फेब्रुवारीत आमच्या शाळेत करिअर मार्गदर्शनाचा कार्यक्रम झाला होता. पाहुणे चांगलं बोलले, मुलं दोन तास सतरंजीवर बसून ऐकत होती. आवडेल ते क्षेत्र निवडा, मोठी स्वप्नं बघा. पहिली पसंती म्हणजे काय, हे मात्र कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

माझं म्हणणं असं आहे की मुलाच्या हातात पुढच्या प्रवेशाची पावती पडेपर्यंत तो शाळेचाच विद्यार्थी मानावा. प्रत्येक मुलासोबत कुणीतरी शिक्षक फॉर्म भरताना बसला पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

गोदाकाठ

सर, त्या मुलीचं वाचून वाईट वाटलं. तरीही मी स्पष्ट विरोध नोंदवते. मीसुद्धा अनुदानित शाळेत आहे, मराठी शिकवते.

निकाल मेमध्ये लागतो. त्याआधी आम्ही बोर्डाचे पेपर तपासलेले असतात. वर्षभर यू-डायसवर शाळेची माहिती भरणं, मुलांचे अपार आयडी, मतदार यादीसाठी बीएलओची कामं चालूच असतात. त्यात सुट्टीत 80 मुलांचे फॉर्म आले. "शिक्षकांनी हेही करावं" या वाक्याला शेवट नाही.

पण माझा खरा मुद्दा वेळेचा नाही. मला यातलं कळत नाही, हा आहे. आर्किटेक्चरला नाटा नावाची वेगळी परीक्षा असते आणि बारावीला गणित लागतं, हे मला माझ्या मुलीमुळे कळलं, तेही ती बारावीत गेल्यावर. मी कुणाला "गणित सोडलं तरी चालेल" म्हटलं असतं तर त्या मुलाचा रस्ता माझ्या एका शब्दाने बंद झाला असता. आणि मुलं आमचा शब्द खाली पडू देत नाहीत, याचीच मला भीती वाटते. निम्मी माहिती असलेल्या माणसाने शेजारी बसून बोट दाखवण्यापेक्षा तालुक्याला दोन प्रशिक्षित समुपदेशक नेमा, पूर्ण पगारावर. ती मागणी शासनाकडे करा.

चिंचवडकर

गोदाकाठ मॅडमशी सहमत, पण वेगळ्या कारणाने. मास्तर, तुम्ही फॉर्मवर अडकलाय. फॉर्म ही शेवटची पायरी. आधी मुलाला काय जमतं, काय आवडतं हे कुणी बघितलं का?

माझ्या मुलाला 92 टक्के पडले. घरात चर्चाच झाली नाही, सायन्स गृहीतच होतं. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवलं, वर एका क्लासशी जोडलेल्या कॉलेजात टाकलं. तिथं कॉलेजात कुणी जातच नाही, सगळा दिवस क्लासमध्ये. बारावीच्या डिसेंबरात मुलगा जेवायचा बंद झाला. आज तो बी.ए. अर्थशास्त्र करतोय आणि मन लावून करतोय. त्याचा फॉर्म आम्ही अगदी बिनचूक भरला होता. दोन वर्षं गेली ती बिनचूक फॉर्ममुळेच.

2016 साली राज्य मंडळाने दहावीच्या सगळ्या मुलांची कलचाचणी सुरू केली होती. कृषी, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांत मुलाचा ओढा बघायचे. ते पुन्हा नीट, नववीपासून करा. नाहीतर तुम्ही चुकीच्या वाटेचा फॉर्म अचूक भरून द्याल.

सांगोल्याचा मास्तर

चिंचवडकर, तुमच्या मुलाबद्दल वाचलं, तो आता रमलाय हे बरं वाटलं. पण कलचाचणीचे कागद मी स्वतः वाटलेत. एका मुलाचा कल ललित कला आला. चित्रकलेची इंटरमीजिएट परीक्षाही तो पास होता. त्याने विचारलं, "मग सर, आता कुठं जायचं?" आमच्या तालुक्यात तसं कॉलेज नाही. बाहेर कुठं आहे, त्याला कुठली सीईटी लागते, वसतिगृह मिळतं का, खर्च किती, यातलं त्या कागदावर काही नव्हतं आणि मलाही सांगता आलं नाही. तो आर्ट्सला गेला, कारण "कला" हा शब्द दोन्हीकडे होता. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

कल कळला म्हणजे वाट सापडली, असं शहरात होत असेल. आमच्याकडे कल आणि वाट यांच्यात एसटीचं वेळापत्रक, दाखले आणि फी येते. म्हणून मी फॉर्मवर अडकतो.

आयटीआय_फिटर

दोन्ही सर आणि मॅडम, मी विद्यार्थ्याच्या बाजूने बोलतो. चाकणला कंपनीत आहे, 29 वय.

माझ्या शाळेत मार्गदर्शन झालं होतं. कसं, ते सांगतो. निकालाच्या दिवशी 75 च्या वरच्या मुलांना मुख्याध्यापकांच्या ऑफिसमध्ये बोलावलं. खुर्च्या टाकल्या होत्या, पेढे होते, सायन्सची चर्चा. आम्ही बाकीचे व्हरांड्यात. क्लार्कने दाखले वाटता वाटता सांगितलं, "तुम्ही आयटीआय बघा." मला 54 टक्के होते. मी फिटर ट्रेड घेतला. मला तो आवडला, आजही आवडतो. मायक्रोमीटर हातात धरला की मला बरं वाटतं. प्रश्न आयटीआयचा नाहीच.

प्रश्न हा की दोन वर्षांचा ट्रेड झाल्यावर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला, हे मला 25 व्या वर्षी कॅन्टीनमध्ये कळलं. तोवर लग्न झालं होतं, घराचा हप्ता सुरू होता. आयटीआय म्हणजे रस्ता संपला असंच मला शाळेतून कळलं होतं. म्हणून "शिक्षक शेजारी बसेल" म्हटलं की मला आधी तो व्हरांडा आठवतो. शिक्षक मार्क बघून बसतो. मुलगी असेल तर गावातलंच कॉलेज सुचवतो. कुणाचा बाप काय करतो तेही त्याच्या डोक्यात असतं. शेजारी बसणारा माणूस असा असेल तर नको.

सांगोल्याचा मास्तर

दादा, तुमच्या व्हरांड्याला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्याही शाळेत वरच्या दहांचे सत्कार होतात आणि बाकीची मुलं टाळ्या वाजवतात. मी 40 टक्क्यांच्या मुलाच्या घरी निकालानंतर कधी गेलो, हे आठवून बघितलं. एकदाही नाही.

तरी शेजारी कुणीच नसण्यावर मी राजी होणार नाही. तुम्हाला जे 25 व्या वर्षी कळलं ते क्लार्कने एका वाक्यात सांगितलं असतं तर? मला तेवढं एक वाक्य सांगणारा माणूस हवाय, आणि तो व्हरांड्यातल्या मुलाकडे आधी गेला पाहिजे. वरच्या दहांना सांगणारे पुष्कळ असतात.

सेतू केंद्र

इथं कॅफेवाल्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी तालुक्याच्या गावी सेतू आणि झेरॉक्स चालवतो.

निकालानंतर माझ्या दुकानात रांग लागते. आई पदरात बांधलेले पैसे सोडत म्हणते, "तुम्हीच टाका कुठलं चांगलं ते." मुलगा मोबाइलमध्ये. सर्व्हर अडकलेला. ओटीपी येणारा फोन शेतात बापाकडे. मग माझा नंबर टाकायचा मोह होतो, खरं सांगतो. आधी मीही टाकायचो. एका पोराचा मेसेज माझ्याकडे पडून राहिला, तेव्हापासून बंद केलं.

आता मी एक कोरा कागद देतो, 1 ते 10 आकडे घातलेला. घरी जाऊन सगळ्यांनी बसून भरा, खाली पोरानं सही करायची, मगच मी कॉम्प्युटरला हात लावतो. पहिल्या आकड्यासमोर मी लाल पेनने लिहितो: "हे मिळालं तर उद्याच जाणार का?" निम्मे लोक तिथंच थांबतात आणि नाव बदलतात.

सर म्हणतात त्यापेक्षा मोठं दुखणं दाखल्यांचं आहे. 31 मार्चला मुदत संपलेलं नॉन-क्रिमीलेयर घेऊन लोक जूनमध्ये येतात. उत्पन्नाचा दाखला नाही, डोमिसाइल नाही, जातीच्या दाखल्याला आजोबांचा कागद सापडत नाही. मे-जूनमध्ये तहसीलला सगळा तालुका एकदम उभा असतो. तेच नववीच्या दिवाळीत आले तर निवांत होतं. बारावीला जात वैधतेचं तर विचारू नका. ते सुट्टीत होणारं काम नव्हे.

गोदाकाठ

सेतू केंद्र, तुमचा लाल पेनचा प्रश्न फार मोलाचा आहे. यात मला कुठलीही परीक्षा ठाऊक असायची गरज नाही, हे लक्षात आलं.

दुसरं वर्ष मेकॅनिकल

मी विद्यार्थिनी आहे, थोडं वेगळं सांगते. मला फॉर्मला कुणाची मदत लागली नाही. सीईटीनंतर कॅपची, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, ऑप्शन यादी मी वहीत स्वतः केली. मागच्या वर्षीचे कटऑफ बघून, आधी आवडीची, मग मिळण्यासारखी, शेवटी घराजवळची. 16-17 वर्षांच्या मुलाला हे जमतं. प्रत्येकाच्या शेजारी मोठं माणूस बसवलं तर तो कधी वाचायला शिकणार? माझ्याबरोबरची कितीतरी मुलं आजही स्वतःचा लॉगिन पासवर्ड भावाला विचारतात.

मला शाळेची मदत हवी होती ती बाबांपुढे. त्यांचं एकच, इंजिनिअरिंगची फी आपल्याला झेपणार नाही. मी सांगत होते की जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना कॅपमधून प्रवेश घेतला आणि घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असलं तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मोबाइलवर जीआर दाखवला. बाबांना वाटलं मला जायचंय म्हणून मी काहीही दाखवतेय. शेवटी माझ्या दहावीच्या वर्गशिक्षिका घरी आल्या. चहा घेतला, जीआर वाचून दाखवला, आणि वसतिगृह, मेस यात येत नाही, तो खर्च धरा, हेही सांगितलं. लपवलं नाही. बाबा म्हणाले, "बाई म्हणतात तर खरं असेल." अर्ध्या तासाचं काम होतं.

प्रवेशाच्या दिवशी कॉलेजने आधी पूर्ण फी मागितली, तेव्हाही बाबा घाबरले नाहीत, कारण त्यांना कागद पाठ झाला होता.

चिंचवडकर

बाळा, तुझं वाचून मला वेगळंच वाटायला लागलं. आमच्या घरी कुणी बाई चहाला आल्या असत्या आणि मला "मुलाला विचारलंत का?" एवढं म्हणाल्या असत्या, तर मी ऐकलं असतं का? कदाचित त्यांचं ऐकलं असतं. मुलाचं ऐकलं नाही, हे खरं. कलचाचणी नववीत हवीच, यावर मी ठाम आहे. पण तिचा अहवाल मुलाच्या हातात एकट्याला देऊ नये.

आयटीआय_फिटर

ताई, तुमच्या बाईंसारख्या किती असतात हो? पण एक मान्य, त्या घरी आल्या. ऑफिसमध्ये बोलावलं नाही.

सांगोल्याचा मास्तर

मुलगी बरोबर बोलली. मी "फॉर्म भरताना बसावं" म्हणालो होतो, ते बदलतो. फॉर्म मुलानेच भरायचा, मोबाइल नंबर घरचा, पासवर्ड त्याच्या वहीत. आपण यादी लागेपर्यंत हाकेच्या अंतरावर राहायचं आणि गरज असेल तिथं घरी जायचं. सेतू केंद्र, तुमच्या कागदाचा फोटो टाका. येत्या पालकसभेत वाटतो, आणि या वेळी मार्कांची यादी शेवटच्या क्रमांकापासून वाचतो.

गोदाकाठ

फोटो मलाही हवा. नववीच्या पालकांना दिवाळीआधी दाखल्यांची यादी मी देईन, तेवढं माझ्या अंगावर घेते. पसंतीक्रमाला मात्र हात लावणार नाही, आणि समुपदेशकाची मागणीही सोडणार नाही. सर, या दोन गोष्टींवर तुम्ही मला अजून पटवलेलं नाही.