प्रतिसाद: युनिव्हर्सिटी सेंटरचा घरच्यांना काय उपयोग?
वर कोणीतरी म्हटलंय की अमेरिकेतली ही युनिव्हर्सिटीला जोडलेली डिसॅबिलिटी (अपंगत्वाची) सेंटर्स नुसता रिसर्च करतात, घरच्यांना काय उपयोग. तसं नाहीये हो. १९६३ ला राष्ट्राध्यक्ष केनेडींनी सही केलेल्या कायद्यातून हे सुरू झालं (त्यांची बहीण रोझमेरीला बौद्धिक अपंगत्व होतं, म्हणजे विषय घरचाच) आणि आज प्रत्येक राज्यात निदान एक तरी सेंटर कुठल्यातरी युनिव्हर्सिटीला जोडलेलं आहे. बऱ्याच ठिकाणी ऑटिझमची तपासणी होते, शिक्षक-थेरपिस्टना ट्रेनिंग मिळतं ते वेगळंच. पण मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे सल्लागार समिती, तिथे कायद्यानेच निम्म्याहून जास्त लोक स्वतः अपंगत्व असलेले किंवा त्यांच्या घरचे असावे लागतात, त्यामुळे प्रोफेसर मंडळींना आपलंच खरं करता येत नाही.
आणि खरी गरज पडते ती मुलाची शाळा संपते तेव्हा, कारण शाळेतून हक्काने मिळणारी मदत तिथे थांबते आणि मग नोकरी, राहायची सोय, गार्डियनशिप (मुलाच्या वतीने निर्णय घ्यायचा कायदेशीर अधिकार) घ्यायची की मुलाला स्वतःचे निर्णय घ्यायला नुसती मदत करायची, ह्यावर तिथली माणसं नीट समजावून सांगतात. तपासणीला वेटिंग मोठं असू शकतं बरं का. तोपर्यंत मुलाच्या तपासणीसाठी शाळेकडे लेखी अर्ज द्या, सरकारी शाळेतलं हे इव्हॅल्युएशन फुकट असतं.