जुनी टाटामोबाइल २०६ घ्यावी का? चासी आणि पाट्यांबाबत सल्ला हवा

दिंडोरीचा_शेतकरी: नमस्कार मंडळी. हंगामात रोज ३० क्रेट टोमॅटो, म्हणजे साधारण ६०० किलो माल, मला पिंपळगाव बसवंतच्या बाजारात न्यावा लागतो. एक जुनी टाटामोबाइल २०६ ही पिकअप पाहिली आहे. दीड लाखाच्या वर एक रुपयाही काढता येणार नाही. घेण्यापूर्वी नेमके काय तपासावे?

सातपूरकर: दादा, थोडे पैसे वाढवा आणि बोलेरो पिकअप घ्या. महिंद्राचा कारखाना नाशिकमध्येच असल्याने सुटे भाग आणि कारागीर दोन्ही सहज मिळतात. माझी गाडी आठ वर्षांत एकदाही रस्त्यात बंद पडलेली नाही.

सिन्नर_मालवाहू: मी माझ्या जुन्या पिकअपला मागे दोन पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) वाढवले होते. गाडी दबायची थांबली म्हणून मी खूश होतो. पण कडक झालेले पाटे वाकत नव्हते आणि प्रत्येक हादरा थेट चासीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, जात होता. वर्षभरात शॅकल (पाट्याचे टोक धरणारी हलती कडी) चासीला जिथे टांगलेली असते त्या हँगरजवळच्या रिव्हेटपासून बोटभर तडा गेला. तो मातीखाली झाकलेला होता, गाडी धुतल्यावर दिसला. त्यामुळे पाटे वाढवलेली गाडी असेल तर हँगरभोवतीची चासी घासून पाहिल्याशिवाय इसार देऊ नका.

ओझर_गॅरेज: २०६ ला पुढे पाटे नसून टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारी सळई, आहे. पुढची बाजू बसलेली असेल तर बारच्या मागच्या टोकाचा बोल्ट आवळावा, गाडी उचलली जाते.

जुनी_गाडी_प्रेमी: उंची वाढते, पण बार त्यामुळे अधिक कडक होत नाही, हे कृपया लक्षात घ्या. पीळ घेणारी सळई तीच राहते; फक्त विशबोन (चाक धरणारा दांडा) खाली झुकतो, चाकाला खाली जायला जागा कमी उरते आणि बॉल जॉइंट (त्याच्या टोकाचा गोल सांधा) तिरक्या कोनात झिजतो. बोल्ट शेवटपर्यंत आवळलेला दिसला तर बार थकला आहे असे समजावे. १९८८ साली आलेल्या या गाडीच्याच पायावर १९९१ ची सिएरा उभी राहिली, इतकी ही रचना भक्कम आहे; तरी इतक्या जुन्या गाडीचे सुटे भाग शोधताना दमछाक होते, म्हणून रोजच्या धंद्यासाठी मी ती सुचवणार नाही.

ओझर_गॅरेज: मी वीस वर्षे बोल्ट आवळतो आहे आणि एकही गिऱ्हाईक परत आलेले नाही.

आडगाव_नाका: मीही बोलेरोच म्हणेन. शिवाय पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर आहेच, तो खर्च दीड लाखातच धरा. क्रेट मात्र केबिनकडून रचत या. सगळे वजन मागच्या अॅक्सलच्या पलीकडे गेले की पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही.

दिंडोरीचा_शेतकरी: सर्वांचे आभार. बहुतेकांनी नको म्हटले, तरी मी गाडी घेतली. सिन्नरच्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणे हँगरभोवतीची माती तारेच्या ब्रशने काढली आणि चासीवर हातोडी वाजवत गेलो. आवाज सगळीकडे खणखणीत आला, तडा कुठेही नाही. पाटे मूळचेच आहेत आणि टॉर्शन बारच्या बोल्टचे आटे अजून निम्मे शिल्लक आहेत. नोंदणीचे पैसे बाजूला ठेवले आहेत. शॅकलचे बुश (सांध्यातली नळीसारखी अस्तरे) तेवढे झिजले आहेत, ते उद्या बदलून परवा पहिली खेप नेणार आहे.