फॉन्ड्यू फाटलं, शनिवारी आठ पाहुणे आहेत, काय चुकतंय?

सांजवेळ

नमस्कार मंडळी. येत्या शनिवारी आठ जण जेवायला येणार आहेत आणि मला चीज फॉन्ड्यू (वाइनमध्ये वितळवलेलं चीज, त्यात काट्याने ब्रेड बुडवून खायचं) करायचंय. गेल्या महिन्यात सहा जणांसाठी केलं होतं, ते फाटलं. खाली रबरासारखा गोळा, वर पिवळं तेल आणि कडेने पातळ वाइन. ढवळत राहिले तसा गोळा आणखी घट्ट झाला. शेवटी सगळ्यांनी ब्रेड आणि उकडलेले बटाटे नुसतेच खाल्ले. कोणी काही बोललं नाही, पण मला फार लागलं. एका भांड्याभोवती बसून सगळ्यांनी मिळून खायचं, एवढ्याचसाठी तर हा बेत केला होता.

काय केलं ते सांगते. 600 ग्रॅम ग्रुयेर, 600 ग्रॅम एमेंताल (दोन्ही स्विस चीज) आणि अर्धा लिटर पांढरी वाइन. वाइन खळखळून उकळली, फ्रिजमधून काढलेलं चीज किसून सगळं एकदम घातलं. पाहुणे दारात होते म्हणून गॅस मोठाच ठेवला. कॉर्नफ्लोअर शेवटी, पातळ वाटलं म्हणून घातलं. लिंबू नव्हतं.

चीज महागाचं होतं, त्यामुळे दोष त्याचा नसावा. या वेळी दोन पाहुणे दारू अजिबात घेत नाहीत, स्वयंपाकात घातलेलीही नाही, आणि एक जण काटेकोर शाकाहारी आहेत. माझ्याकडे फॉन्ड्यूचं भांडं एकच आहे. कसं जमवू?

मंदआच

सांजवेळ, तुम्ही इतकं नीट लिहिलंय की चूक शोधावी लागत नाही. चीज चांगलंच होतं. आच, घाई आणि नसलेलं लिंबू, या तिघांनी घात केला.

मी काही वर्षं स्वित्झर्लंडमध्ये फ्रिबूर्गला होते. तिथे आमच्या घरमालकीणबाईंनी मला फॉन्ड्यू शिकवलं. चीज घालायला लागलं की त्या भांड्यापाशी कोणाला येऊ देत नसत आणि स्वतः हलत नसत. पाहुण्यांनी वाट पाहिली तरी चालेल, फॉन्ड्यूने पाहता कामा नये, हा त्यांचा नियम मी आजही पाळते. म्हणजे आधी सगळे टेबलाशी बसलेले, ब्रेड कापलेला, टेबलावर भांड्याखालचा दिवा पेटवलेला, आणि मग चीज भांड्यात. दारावरची बेल वाजण्याच्या बेतात असताना हे करायला घेऊच नका.

चार जणांचं प्रमाण सांगते. चीज माणशी 200 ग्रॅम, म्हणजे 800. वाइन 300 ते 350 मिली, कोरडी आणि आंबटसर. लिंबाचा रस एक टेबलस्पून, कॉर्नफ्लोअर एक टेबलस्पून. चीज तासभर आधी बाहेर काढा, हाताने किसा आणि किसावर कॉर्नफ्लोअर भुरभुरून बोटांनी सगळीकडे चोळून घ्या. याच पायरीवर निम्मं काम होतं. तयार किसलेलं पाकिटातलं चीज नको. किस मोकळा राहावा म्हणून त्याला काहीतरी चोळलेलं असतं आणि ते एकजीव वितळत नाही.

जाड बुडाच्या भांड्याला आतून लसणाची पाकळी घासा. वाइन आणि लिंबाचा रस गरम करा. वाफ येऊ लागली, तळाशी बारीक बुडबुडे दिसले की आच मंद. आता मूठभर चीज. ते पूर्ण विरघळल्याशिवाय दुसरी मूठ नाही. लाकडी चमचा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा; गोल गोल फिरवलं की चीज मधोमध गोळा होतं. 800 ग्रॅमला पंधरा-वीस मिनिटं लागतात, लागू द्या. सगळं घालून झालं की क्षणभरच आच थोडी वाढवा, कडेला एखादा बुडबुडा फुटला की पुरे. वरून मिरपूड, किंचित जायफळ. तिकडे शेवटी 20-30 मिली किर्श घालतात, चेरीपासून काढलेली दारू. नसली तरी बिघडत नाही.

तुमचं ग्रुयेर-एमेंताल हे स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलकडचं मिश्रण. एमेंतालला लांब तारा सुटतात. फ्रिबूर्गमध्ये निम्मं ग्रुयेर आणि निम्मं वाशरँ फ्रिबूर्जुआ हे तिथलं चीज घेतात, त्याला 'म्वात्ये-म्वात्ये' म्हणजे निम्मं-निम्मं म्हणतात. वाशरँ मिळालं तर जरूर घ्या. ते सायीसारखं मऊ वितळतं आणि सगळ्या मिश्रणाला सांभाळून घेतं.

आता दारू न घेणाऱ्यांचं. वाइन आटून जाते असं सांगून त्यांना वाढू नका. इतक्या मंद आचेवर अल्कोहोल पूर्ण जात नाही. आणि वाइनशिवायचं फॉन्ड्यू म्हणजे काही तडजोड नव्हे. फ्रिबूर्गमध्येच नुसत्या वाशरँचं फॉन्ड्यू पाण्यात करतात, वाइनचा थेंबही न घालता. फक्त त्याची आच फारच कमी लागते, साधारण 50 अंशांच्या वर गेलं की बिघडतं, म्हणून पहिल्या खेपेला ते करू नका.

शाकाहारी पाहुण्यांसाठी मात्र चीज बदलावं लागेल. ग्रुयेर वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या द्रव्याने बनतं. लेबलवर 'मायक्रोबियल रेनेट' (सूक्ष्मजीवांपासून काढलेलं) लिहिलेलं, सहज वितळणारं चीज शोधा. नुसतं मोझरेला नको, च्युइंगगमसारखं ताणतं. फार जुनं चेडरही नको, तेल सोडतं.

आठ जणांना एक भांडं तसंही पुरत नाही. चार-पाच काटे झाले की हात एकमेकांना लागतात. दुसरं जाड बुडाचं भांडं घ्या. त्यात त्या तिघांसाठी शाकाहारी चीज, वाइनऐवजी निम्मा सफरचंदाचा रस आणि निम्मं पाणी, लिंबू थोडं जास्त. दोन्ही भांडी टेबलावर सारख्याच मानाने मांडा. कोणाला वेगळं काढल्यासारखं वाटता कामा नये.

रसायनशाळा

मंदआच यांच्या कृतीत बदलण्यासारखं काही नाही. लिंबू का लागतं तेवढं सांगतो, म्हणजे ते पुन्हा वगळलं जाणार नाही.

चीजमधली केसीन प्रथिनं कॅल्शियमने एकमेकांना बांधलेली असतात. वाइनमधलं टार्टारिक आणि लिंबातलं सायट्रिक आम्ल त्यातलं काही कॅल्शियम स्वतःकडे ओढतं. बांधणी सैल होते, प्रथिनं मोकळी होऊन चरबीच्या थेंबांभोवती पसरतात आणि तेल वेगळं निघत नाही. स्टार्चचं काम वेगळं. तो फुगून द्रव दाट करतो आणि प्रथिनांना पुन्हा एकमेकांना चिकटू देत नाही. तुमच्याकडे आम्ल कमी पडलं, स्टार्च उशिरा आला आणि आच जास्त होती. प्रथिनं आवळली गेली आणि त्यांनी तेल-पाणी पिळून बाहेर काढलं.

याच तत्त्वावर वॉल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांनी 1911 साली स्वित्झर्लंडमधल्या थून गावी सोडियम सायट्रेट (सायट्रिक आम्लाचं क्षार) वापरून प्रोसेस्ड चीज बनवलं. त्यामुळे शाकाहारी भांड्यातलं चीज नीट मिळून येत नसेल, तर चार-पाच ग्रॅम खाण्याचं सोडियम सायट्रेट आधी पातळ द्रवात विरघळवून घ्या. मला तरी ते कृत्रिम वाटत नाही.

आणि फाटलंच तर टाकून देऊ नका. वाटीत चमचाभर कॉर्नफ्लोअर, एक चमचा लिंबाचा रस आणि थोडी वाइन कालवा. भांडं परत गॅसवर ठेवा, हे मिश्रण घाला आणि चमचा बाजूला ठेवून तारेच्या व्हिस्कने जोरात फेटा. पहिलं मिनिटभर काहीच होत नाही, तेव्हा धीर सोडू नका. गोळा अगदी रबर झाला असेल तर मात्र परत येत नाही, म्हणून पहिलं तेल दिसताच हात चालवा.

दुसरी_वाफ

दिव्याबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितेय. जेवताना फॉन्ड्यूखालच्या स्पिरिटच्या बर्नरमध्ये इंधन कधीही भरू नका. विझलेला दिसला तरी नाही.

एका घरी मी समोर बसले होते. बर्नर विझला असं सगळ्यांना वाटलं, यजमानांनी बाटलीतून वरून स्पिरिट ओतलं. स्पिरिटची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. ती होती, आणि तिने बाटलीपर्यंत उडी घेतली. शेजारच्या मुलीचा हात भाजला, बरा व्हायला कित्येक आठवडे लागले. तेव्हापासून मी घट्ट जेलचे बंद डबेच वापरते. संपला की तो झाकून उचलायचा आणि दुसरा ठेवायचा. स्पिरिटच असेल तर बर्नर पूर्ण थंड होईस्तोवर, अगदी हात लावता येईल इतका, थांबा आणि मग टेबलापासून लांब नेऊन भरा. तोवर भांडं गॅसवर ठेवलं तर कोणी उपाशी राहत नाही.

टेबल डगमगतं नको, टेबलक्लॉथ लोंबता नको. लहान मुलं येणार असतील तर त्यांना वाटीत वाढा.

सांजवेळ

तिघांचेही मनापासून आभार. दुसरी_वाफ, माझा बर्नर स्पिरिटचाच आहे. आजच जेलचे डबे आणते.

आणखी दोन शंका. ब्रेड काट्यावरून सुटून आत पडत होता. आणि फॉन्ड्यूबरोबर गार पाणी प्यायलं की पोटात चीजचा गोळा होतो, हे खरं का? दारू न घेणाऱ्यांना मग काय देऊ?

मंदआच

ब्रेड आदल्या दिवशीचा घ्या आणि असा कापा की प्रत्येक तुकड्याला कडक कड राहील. काटा मऊ बाजूने घुसवून कडेपर्यंत न्या. मग सुटत नाही. प्रत्येकाला सांगा की भांड्याच्या तळापर्यंत घासून फिरवा. पाहुणेच ढवळत राहतात आणि खाली लागत नाही. तोंडात घालताना ओठ काट्याला लागू नयेत; बशीत काढून दुसऱ्या काट्याने खाल्लं तर उत्तम. ब्रेडबरोबर छोटे उकडलेले बटाटे, नाशपातीच्या फोडी आणि व्हिनेगरमधल्या काकड्या ठेवा. त्या आंबटपणाशिवाय चौथ्या घासानंतर चीज जड वाटायला लागतं.

गोळ्याची भीती मलाही तिथल्या सगळ्यांनी घातली होती. पण झुरिकच्या डॉक्टरांनी 20 जणांना फॉन्ड्यूबरोबर एकदा पांढरी वाइन आणि एकदा काळा चहा देऊन पाहिलं, ते 2010 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. वाइनबरोबर पोट उशिरा रिकामं झालं, त्रास मात्र दोन्हीकडे सारखाच. तेव्हा गरम काळा चहा निर्धास्त द्या. तिकडेही देतात.

आणि वाइन नसेल तर ते असली फॉन्ड्यू नाही असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. देशभर 'आपला राष्ट्रीय पदार्थ' म्हणून फॉन्ड्यूचा प्रचार 1930 च्या दशकात तिथल्या चीज उत्पादकांच्या संघाने केला, चीज जास्त खपावं म्हणून. तिथे दर खोऱ्याची कृती निराळी आहे.

सांजवेळ

शनिवार पार पडला. सांगायलाच हवं म्हणून रात्रीच लिहितेय.

सगळ्यांना आधी बसवलं. मूठ मूठ चीज घालायला बावीस मिनिटं लागली. मोठं भांडं पहिल्यापासून गुळगुळीत झालं. शाकाहारी भांड्यात मधेच कडेला तेल दिसलं आणि माझे हात गार पडले. कॉर्नफ्लोअर-लिंबू कालवून, वाइनऐवजी सफरचंदाचा रस घालून फेटलं. मिनिटभर खरंच काही झालं नाही, मग एकदम चकाकी आली. त्या भांड्याभोवती तिघांऐवजी पाच जण जमले होते.

शेवटी मोठ्या भांड्याच्या तळाला सोनेरी कुरकुरीत थर राहिला. तो जळका समजून मी भांडं उचलायला गेले.

मंदआच

उचललं नाहीत ना? ती खरवड म्हणजे 'रलिज्यूज', जोगीण. दिवा विझवून उलथन्याने सोडवायची आणि सगळ्यांनी वाटून खायची. आमच्या घरमालकीणबाई त्यातला पहिला तुकडा पाहुण्याला देत.

सांजवेळ

नाही उचललं. शाकाहारी भांड्यातलीही निघाली. आठ तुकडे झाले, नववा मी भांड्यावर उभी राहून खाल्ला. आता भांडं घासू कशाने?

मंदआच

भांडं आधी पूर्ण निवू द्या, नाहीतर तडकेल. मग गार पाणी भरून रात्रभर ठेवा. गरम पाण्याने चीज आणखी चिकटतं. सकाळी लाकडी चमच्याने सुटेल.