आमदारांची राखीव सीट आणि तिच्यावर खरंच बसणारा आमदार (अनुभव धागा)

माणदेशी
परवा पंढरपूरहून येताना एसटीत जागा मिळाली ती नेमकी 'विधानमंडळ सदस्य' लिहिलेल्या सीटवर. शेजारच्या कॉलेजच्या पोरानं कंडक्टरला विचारलं, "मास्तर, ह्यावर कधी आमदार बसलाय का हो?" अख्खी गाडी हसली. मागचे एक म्हातारबाबा तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "आमचा बसायचा."

सांगोल्याच्या माणसाला पुढचं सांगायला नको. गणपतराव देशमुख, आमचे आबा. १९६२ला पहिल्यांदा आमदार झाले, १९७२ आणि १९९५ला पडले, तरी एकूण अकरा वेळा निवडून आले. पक्ष एकच, शेकाप म्हणजे शेतकरी कामगार पक्ष. सत्तेत असो नसो, पक्ष बदलला नाही. ३० जुलै २०२१ला गेले. मी शाळेत असताना त्यांना स्टँडवर पाहिलंय, हातात पिशवी, भोवती अर्ज घेऊन आलेली माणसं. तेव्हा वाटायचं सगळीकडचे आमदार असेच असतात. पुण्याला शिकायला गेलो आणि भ्रम फिटला.

तर लिहा. जवळून पाहिलेला कुठलाही पुढारी, सरपंचापासून मंत्र्यापर्यंत. वाईट अनुभव असेल तर नाव नको, उगाच धागा उडेल.

चहाबाज
मी जरा उलटा सूर लावतो, रागावू नका. आमच्या गावचे एक सरपंच म्हणजे देवमाणूस. पंचायतीचा चहासुद्धा स्वतःच्या पैशानं प्यायचे. पण कुठल्याही बिलावर सही करायची म्हटली की घाम फुटायचा. उद्या चौकशी लागली तर? कोणी म्हणालं तर? पाण्याच्या टाकीचा निधी आला, ग्रामसेवक फाईल घेऊन मागं मागं फिरला, ह्यांचं आपलं "बघू, परत एकदा वाचू". ३१ मार्च आला, पैसे परत. बायका हंडे घेऊन विहिरीवरच.
पुढच्या खेपेला आला तो खाणारा. उघड खाणारा. टाकी झाली.
आता बोला.

वाचनमात्र
आमच्याकडे खाणारा पण आहे आणि टाकी पण नाही. दोन्हीकडून पूर्ण समाधान.

माणदेशी
😂😂

गोरेगावची सुमा
लोकलमध्ये आहे, चुका सांभाळून घ्या. चहाबाज, तुमच्या सरपंचांना भीती होती, त्याला सचोटी म्हणू नका. आमच्याकडे मृणालताई गोरे होत्या. नवरा १९५८ला गेला, पदरात लहान मुलगी, तरी १९६१ला महापालिकेत निवडून आल्या आणि गोरेगावच्या पाण्यासाठी भांड भांड भांडल्या. पाणीवाली बाई नाव उगाच पडलं नाही. म्हणजे स्वच्छ पण आणि नळाला पाणी पण. जमतं हो.
आई महागाईच्या लाटणं मोर्चात होती. तेल, रॉकेल, साखर, सगळ्याची बोंब. थाळी बडवून बडवून तिच्या लाटण्याचं एक टोक चेचलंय, अजून आहे घरात, पोळ्या त्याच्यावर नीट होत नाहीत पण टाकवत नाही. आई राजकारणातलं काही बोलायची नाही. पण १९७७ला 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में' (दिल्लीवाली म्हणजे इंदिरा गांधी) ही घोषणा ती स्वयंपाक करताना गुणगुणायची म्हणे, आरतीच्या चालीवर. बाबा वैतागायचे.
अंधेरी आलं, गर्दी.

नोटरीच्या बाजूला
मी वकिलाकडे कारकुनी करतो. निवडणूक आली की आमचा सीझन. २००२ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तेव्हापासून उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण सगळं शपथपत्रावर द्यावं लागतं. रकाना मोकळा सोडून चालत नाही, 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहावंच लागतं. माणूस कसा आहे ते मला त्या अर्ध्या तासात कळतं. एक जण आले, सोबत चार गाड्या, बाहेर पोरं. मी विचारलं, वाहन? "निरंक लिही." मी खिडकीतून बाहेर बघितलं. ते म्हणाले, "त्या मेव्हण्याच्या." सगळ्या? "मेव्हणे चार आहेत."
दुसरे एक काका होते, अपक्ष. त्यांनी सोसायटीचं पीककर्ज, हातउसने, म्हशीसाठी घेतलेले पैसे, सगळं लिहायला लावलं. मी म्हटलं काका, हातउसने नाही लिहिले तर कोणाला कळतंय. म्हणाले, "ज्याचे घेतलेत त्याला कळेल की." डिपॉझिट गेलं त्यांचं.
शपथपत्रं नेटवर असतात बरं का. वाचत जा, करमणूक होते.

चहाबाज
चार मेव्हणे 🙏

कल्याणचा भाचा
माझे मामा रेल्वेत. १९७४च्या मे महिन्यातल्या संपात बडतर्फ. तीन वर्षं मामीनं शिवणकाम केलं आणि मामा मार्केटात भाजी विकायचे. ओळखीचं गिऱ्हाईक आलं की मान खाली घालून वजन करायचे. १९७७ला मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि संपातल्या लोकांना परत कामावर घेतलं. मामा पहिल्या दिवशी जुना डबा घेऊन गेले. लोकांना दंडवते माहीत आहेत ते सेकंड क्लासच्या लाकडी बाकावर गादी आली म्हणून. तेही मोठंच काम, कोकणातली माणसं तर राजापूरचे खासदार म्हणून अजून सांगतात. पण आमच्या घरात दंडवते म्हणजे मामांचा डबा.
२००५ला ते गेले तेव्हा देहदान केलं होतं. मामांनी पण फॉर्म भरला मग. मामीनं आठ दिवस अबोला धरला.

झाडाची सावली
विषयाला थोडं सोडून लिहिते. मी नगरपालिकेत होते, आता निवृत्त. आमच्याकडे एक पदाधिकारी होते, खादी, झिजलेल्या चपला, घरी पंखा पण साधा. पेपरात साधेपणावर लेख. पैशाला खरंच हात लावला नाही माणसानं, हे मी स्वतः फायली बघून सांगते. पण त्यांच्या केबिनमध्ये आम्ही बायका कधी एकटीनं गेलो नाही. सही हवी असली की दोघी दोघी. नवी मुलगी लागली की पहिल्या दिवशी तिला डबा खाताना हेच सांगायचं, बाकी काम नंतर. मुख्याधिकाऱ्यांना सांगितलं तर म्हणाले, "अहो, इतका सज्जन माणूस!"
तेव्हापासून मी चपलांकडे बघत नाही.

गोरेगावची सुमा
ताई 🙏 हे वाचून गप्पच झाले. दोघी दोघी जाणं आमच्या बँकेतही होतं. पुढारी नव्हता, मॅनेजर.

नोटरीच्या बाजूला
त्यासाठी शपथपत्रात रकाना नाही.

म्हापशेकर
हाफ शर्ट आणि चपला म्हटल्यावर गोव्याहून कोणीतरी यायलाच हवं :) आमचे मुख्यमंत्री होते त्या मनोहर पर्रीकरांचे स्कूटरचे फॉरवर्ड आम्हाला इतके येतात की खरं किती, खोटं किती, देव जाणे. मला आठवतं ते २०१९च्या जानेवारीतलं. नाकात नळी, आवाज ओढलेला, तरी अर्थसंकल्प मांडायला उभे राहिले. मार्चमध्ये गेले. आमच्या घरात त्यावरून भांडण. भाऊ म्हणतो काय जिद्द, बायको म्हणते आजारी माणसानं खुर्ची सोडायची असते, राज्य थांबलं होतं. दोघांचंही पटतं मला, म्हणून मी बाजारात निघून गेलो. बांगडे महाग झालेत.

वाचनमात्र
किती?

म्हापशेकर
विचारू नका.

कल्याणचा भाचा
चहाबाज, ती खाणाऱ्याची टाकी कशी आहे आता?

चहाबाज
गळते. रात्री भरली की सकाळी निम्मी. पण भाऊ, निम्मी तरी असते ना. आमच्या आईला विचाराल तर ती आजही त्या खाणाऱ्यालाच मत देईल, आणि देवमाणूस भेटला की वाकून नमस्कार करेल. मी तिच्याशी वाद घालायचं सोडलंय.

झाडाची सावली
तुमच्या आईंचं बरोबर आहे. हंडा त्यांनी वाहिलाय. पण ती गळती कोणाच्या खिशात गेली ते एकदा ग्रामसभेत विचारा. माहितीच्या अधिकारात कामाची मोजमाप वही मागा, इंजिनियरची सही असते तिच्यावर. कशी मागायची ते मी सांगते, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

चहाबाज
ताई, करतो. खरंच करतो.

माणदेशी
दोन तास शेतात होतो, एवढं लिहिलंत! सावकाश वाचतो. सुमाताई, लाटण्याचा फोटो टाका ना.

गोरेगावची सुमा
घरी गेल्यावर. आणि सांगोल्याची डाळिंबं मुंबईत कोणाकडे चांगली मिळतात ते सांगा आधी, सासूबाईंना हवीत.