नवरा-बायको दोघांना एकच अँटी-एजिंग रुटीन चालतं का?

द्राक्षबागवाली (सांगली)

नमस्कार मंडळी. मी ४१ ची, आमचे हे ४७. राहायला विश्रामबागला, बाग तासगावच्या बाजूला, त्यामुळं यांचा निम्मा दिवस उन्हातच जातो. माझ्या डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या आल्यात आणि दोन्ही गालांवर वांग आहे, यांची मान मागनं पार करपलीय, टोपी काढली की कपाळावर सरळ रेघ दिसते, वर गव्हाळ आणि खाली काळं. मी रात्री एक अँटी-एजिंग क्रीम लावते, ती डबी अलीकडं फारच लवकर संपायला लागली म्हणून लक्ष ठेवलं तर हे झोपायच्या आधी बाथरूममध्ये गुपचूप लावत होते! म्हणलं लावा की उघड, लाजताय काय.

पण मग प्रश्न पडला की बायकांची क्रीम पुरुषांना चालते का. दुकानात गेले तर यांच्यासाठी काळ्या डबीतली वेगळी दाखवली, म्हणे जेन्ट्स स्किन जाड असती, तिला स्ट्राँग लागतं. दोघांचं वेगवेगळं घ्यायचं म्हणजे सीरम दोन, सनस्क्रीन दोन, फेसवॉश दोन, महिन्याचं गणितच कोलमडतंय. त्यात सासूबाईंचं म्हणणं, हळदीच्या गावात राहून कसल्या क्रीमा लावताय, साय हळद लिंबू लावा. तर दोघांत मिळून एकच साधं रुटीन घरी कुणी करतंय का? पार्लर, क्लिनिक, लेझर वगैरे काही नको.

मिरजेचं_मेडिकल

ताई, काउंटरवर हा प्रश्न आम्हाला रोज येतो, फक्त पुरुष मंडळी "मिसेससाठी पाहिजे" म्हणून विचारतात.

काळी डबी आणि गुलाबी डबी दोन्ही उलट्या करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात, म्हणजे जे जास्त ते आधी. पहिली पाच-सहा नावं बहुतेक वेळा तीच निघतात, पाणी, ग्लिसरीन, नायसिनामाइड असं काहीतरी, फरक असतो तो वासाचा आणि झाकणाच्या रंगाचा. पुरुषांची म्हणून फेअर अँड हँडसम २००५ ला आली, तेव्हापासनं हे दोन कप्पे दुकानात वाढतच गेलेत. पुरुषांची कातडी सरासरीनं थोडी जाड असते आणि तेल जास्त सुटतं हे खरं आहे, पण म्हणून औषध वेगळं लागतं असं नाही. पुरुषाला जेल किंवा पातळ क्रीम बरी वाटते, बाईला पाळी जायच्या वयात कोरडेपणा वाढतो म्हणून घट्ट क्रीम लागते, एवढंच. पाळी गेल्यावर पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलॅजन, म्हणजे कातडी ताठ ठेवणारं प्रथिन, जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी होतं, त्यामुळं तुम्ही आत्ताच सुरुवात करताय ते चांगलंय.

आता खरं काम करणारी वस्तू एकच, सनस्क्रीन. बाकी सगळं त्याच्या मागनं. ऑस्ट्रेलियात नऊशेवर माणसांवर साडेचार वर्षं बघितलं होतं, २०१३ ला छापून आलं, रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी म्हातारी झाली. त्यात बायका पण होत्या आणि पुरुष पण. एसपीएफ ३० घ्या नाहीतर ५०, ३० वाली ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे चटका लावणारं ऊन, अडवते आणि ५० वाली ९८, त्यामुळं त्या आकड्यावर भांडू नका, पण डबीवर पीए पुढं तीन-चार प्लस आहेत का ते बघा कारण सुरकुत्या पाडणारं ऊन म्हणजे यूव्हीए, ते किती अडतं हे पीएवर कळतं. आणि लावायचं किती, तर दोन बोटांवर पूर्ण लांबीची रेघ ओढायची, तेवढं तोंडाला नि मानेला. आपल्याकडं लोक हरभऱ्याएवढं लावतात आणि मग म्हणतात काही फरक नाही. या हिशोबानं ५० ग्रॅमची ट्यूब दोघांत महिनाभर पण पुरणार नाही, म्हणून मोठा पॅक घ्या, एकच, दोघांचा.

घाटातला_गाडीवान (सातारा)

काय ओ ताई, आम्हा गाडीवाल्यांना कुणी विचारत नाही. मी सातारा-महाबळेश्वर-पुणे पॅसेंजर मारतो, वय ५२. आरशात बघितलं की उजवा गाल वेगळा नि डावा वेगळा. उजव्या बाजूला सुरकुत्या जास्त, डाग जास्त, कान सुद्धा काळवंडलाय. पोरगी म्हणली खिडकीच्या बाजूचा आहे तो. तिनंच मोबाइलवर एका अमेरिकन ट्रक ड्रायव्हरचा फोटो दाखवला, २०१२ चा, २८ वर्षं गाडी चालवलेला, त्याची डावी बाजू अशी लोंबलीय की उजव्याचा बाप वाटतो. तिकडं स्टेअरिंग डावीकडं असतं ना. काच लावून एसी सुरू असला तरी ऊन आत येतंय म्हणे, मला वाटायचं काच लावली की झालं.

पण ती सनस्क्रीन मी लावली की तोंड चिकट होतंय, धूळ बसती, घाम आला की डोळ्यात उतरती आणि घाटात डोळे चुरचुरले तर काय करायचं सांगा. वर पांढरंफटक तोंड. पॅसेंजर हसतेत.

मिरजेचं_मेडिकल

दादा, पोरगी बरोबर बोलली. काच यूव्हीबी बऱ्यापैकी अडवते म्हणून चटका लागत नाही, पण यूव्हीए साध्या काचेतनं आत येतं. आणि महाबळेश्वरला थंड वाटलं म्हणून ऊन कमी असं नसतं, उंचीवर अतिनील वाढतंच, हजार मीटरला साधारण १० टक्के धरा. पांढरं होतंय म्हणजे झिंक किंवा टायटॅनियमवाली असणार, जेल टाइप मॅट बघा. डोळ्याच्या वर भुवईपर्यंत लावूच नका, तिथं गॉगल घाला, डोळ्याच्या कडेच्या सुरकुत्या पण वाचतात. उजव्या हाताला ते दुचाकीवाले घालतात तसलं स्लीव्ह घाला.

हरिपूरकर

सासूबाईंना अगदीच वेड्यात काढू नका. सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि त्याच्या आधी अमेरिकेत हळदीनं जखम भरते यावर पेटंट घेतलं होतं ते आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं भांडून १९९७ ला रद्द करायला लावलं, का, तर आपल्या आज्या हे कधीपासनं करतायत. आमच्याकडं पेवांतनं, म्हणजे जमिनीतल्या साठवणीच्या खड्ड्यांतनं, हळद निघायची तेव्हा हमालांच्या हाताला जो रंग बसायचा तो आठवडाभर जायचा नाही, पण हातांच्या सुरकुत्या काही जाताना बघितल्या नाहीत बुवा. जखमेला हळद, दिवाळीला उटणं, हे सगळं ठीक आहे. सुरकुत्यांवर ती किती चालते यात मला शंका आहे, आणि मी हळदीच्या धंद्यातला माणूस आहे. लिंबू मात्र कुणी तोंडाला लावू नका.

कराडची_लेक

लिंबाचं +१. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की त्या जागी काळे चट्टे उठतात, भाजल्यासारखे सुद्धा होतात, लिंबातल्या काही द्रव्यांची उन्हाशी रिअ‍ॅक्शन होते. वांग असलेल्या बाईनं तर बिलकुल नको. आणि बागेतनं आल्या आल्या तर नकोच नको.

मला एक दुसरंच सांगायचंय. वांगासाठी म्हणून ओळखीच्या मेडिकलमधनं चिठ्ठीशिवाय एक ट्यूब मिळते, आठ दिवसांत तोंड उजळतं आणि सगळ्या भिशीत तिचीच चर्चा. माझ्या चुलतबहिणीनं वर्षभर लावली, तिचा नवरा पण लावायला लागला. त्यात स्टेरॉइड असतं. आता बंद केली की दोघांची तोंडं लालभडक, आग आग होते, बारीक शिरा दिसायला लागल्यात, हिच्या हनुवटीवर लव वाढलीय. २०१८ ला सरकारनं अशी चौदा स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं केलं तरी मिळतातच. ट्यूबवर मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल असलं काही दिसलं तर ती रुटीनमध्ये येता कामा नये, आणि कुणी आधीच लावत असेल तर एकदम बंद न करता स्किनच्या डॉक्टरांना दाखवा.

द्राक्षबागवाली

बाई गं, ती ट्यूब आमच्या गल्लीत पण फिरतीय. बरं झालं सांगितलं.

आता सनस्क्रीन कळलं. पण माझ्या त्या रात्रीच्या डबीवर रेटिनॉल लिहिलंय, ते यांनी लावलं तर चालेल का? यांची सकाळी दाढी असते, आणि दाढीनंतर क्रीम लावली की चुरचुरतंय म्हणतात. फवारणीच्या दिवसात तर चेहरा असा लाल असतो की बघवत नाही.

मिरजेचं_मेडिकल

चालेल, अगदी तेच चालेल. सुरकुत्यांवर ज्याचा पुरावा सगळ्यात जुना आणि पक्का आहे ते म्हणजे हे अ जीवनसत्त्वाचं घराणं. ट्रेटिनॉइन आधी १९७१ ला अमेरिकेत मुरमांसाठी मंजूर झालं, मग लावणाऱ्यांच्या लक्षात आलं की सुरकुत्या पण कमी होतायत. ते चिठ्ठीचं औषध आहे, रेटिनॉल त्याचा सौम्य भाऊ, कातडीत गेल्यावर त्याचंच थोडं थोडं ते बनतं. दोघांनी वाटाण्याएवढंच घ्यायचं, सगळ्या तोंडाला मिळून, रात्री, तोंड पूर्ण कोरडं झाल्यावर. पहिला महिना आठवड्यातनं दोनदाच. त्यावर मॉइश्चरायझर. साली निघतील, थोडं लाल होईल, घाबरून सोडू नका आणि रोज लावायची घाई पण करू नका. फरक दिसायला तीन ते सहा महिने जातात, म्हणून तर लोक मध्येच सोडतात.

दाढीचं म्हणाल तर ज्या सकाळी दाढी आहे त्याच्या आदल्या रात्री यांनी रेटिनॉल लावायचं नाही, आणि दाढीनंतर अल्कोहोलवालं आफ्टरशेव्ह बंद, साधी बिनवासाची क्रीम लावायची. फवारणी करून आलं की आधी अंघोळ, मग बाकीचं, आणि त्या दिवशी रेटिनॉलला सुट्टी. बाकी बागेत येणाऱ्या बायका बघा, साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट चढवतात, तोंडाला स्कार्फ असा गुंडाळतात की डोळेच दिसतात, त्यांना हे कुणी शिकवलेलं नाही आणि त्याला पैसे पडत नाहीत. यांना पण टोपीऐवजी मोठ्या काठाची हॅट द्या, टोपीनं मान नि कान उघडेच राहतात.

तुमच्या वांगाला मात्र एक गोष्ट वेगळी लागेल, टिंटेड सनस्क्रीन, म्हणजे कातडीच्या रंगाची, ज्यात आयर्न ऑक्साइड आहे. वांग नुसत्या उजेडानं पण वाढतं, साधी सनस्क्रीन तो उजेड अडवत नाही. ती तुमची एकटीची वेगळी घ्या, बाकी सगळं एकत्र. फेसवॉश साधा सौम्य, अंगाचा साबण तोंडाला नको.

कराडची_लेक

आणि दिवस राहिलेल्या किंवा राहायचा विचार असलेल्या बाईनं रेटिनॉल, ट्रेटिनॉइन दोन्ही बंद. घरात सून असेल आणि डबी सगळ्यांची एक असेल तर तिला आवर्जून सांगा, नाहीतर लाजून ती विचारणार नाही आणि लावत राहील.

घाटातला_गाडीवान

मी आज घेतली बरं का जेलवाली. डॅशबोर्डवर ठेवलीय, दर दोन तासांनी लावा लिहिलंय, पाचवडला चहाला थांबलो की लावायची असं ठरवलंय.

मिरजेचं_मेडिकल

दादा डॅशबोर्डवरनं काढा ती आधी! तिथल्या उन्हात ट्यूब तापून आतलं फाटतं, मग लावली काय न लावली काय. दाराच्या खालच्या कप्प्यात नाहीतर डब्याच्या पिशवीत टाका. आणि बंद गाडीत ती तापून पाण्यासारखी झाली किंवा वास बदलला तर एक्स्पायरी शिल्लक असली तरी टाकून द्या.