राजगड-तोरणा एका दिवसात, शक्यतो पळत: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या शेवटी एक बेत आहे. गुंजवण्यातून चोर दरवाजाने राजगड, संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून खाली धारेवर (दोन्ही गडांना जोडणारी डोंगराची सोंड), तिथून बुधला माचीमार्गे तोरणा आणि वेल्ह्यात उतरायचं. मुक्काम नाही. पाठीला पळण्याची छोटी बॅग. जिथे पळता येईल तिथे पळायचं, बाकी भराभर चालायचं. बरोबर एक मैत्रीण आहे, ती धारेची वाट पूर्वी चाललेली आहे.

मी मूळची रस्त्यावर पळणारी. हाफ मॅरेथॉन सव्वादोन तासांत होते. डोंगर म्हणजे आतकरवाडीची सिंहगडवाट, ती नेहमीची. चढाचं काही वाटत नाही. उतरताना मात्र मांड्या लटपटतात आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसचा जिना कठडा धरून उतरावा लागतो.

अडलंय ते असं. सगळं मिळून वीसेक किलोमीटर होतील. मला वाटतं पाच तास पुरेत, मैत्रीण म्हणते आठ धर. खरं कोणाचं? मांड्यांचं काय करू? जिममधल्या उठाबशा करून झाल्या, फरक शून्य. बूट कुठले? रस्त्यावरचे मऊ आहेत, पण घसाऱ्यावर त्यांचा भरवसा वाटत नाही. आणि पाणी किती न्यायचं? दोघींची मिळून तीन लिटरची सोय आहे.

एक विनंती: "गड पळत बघायचे असतात का" हा प्रतिसाद कृपया नको. दोन्ही गड निवांत बघून झालेत, पद्मावती माचीवर दही खात बसूनही झालंय.

प्रतिसाद

वेळेच्या बाबतीत मैत्रिणीचं ऐका. डोंगरात किलोमीटर मोजायचेच नाहीत, तास मोजायचे. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला होता, तो अजून चालतो: दर पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. तुमच्या वाटेवर राजगडचा चढ आणि धारेवरून परत तोरण्याचा चढ धरून बाराशे मीटर सहज होतात. म्हणजे चार अधिक दोन, सहा तास. हे न थांबता चालणाऱ्याचे. सपाटीला पळून यातला थोडा वेळ वाचेल, पण अळू दरवाजाखालच्या उतरणीवर आणि बुधल्याच्या शिडीपाशी तो परत जाईल. सुट्टीचा दिवस असेल तर शिडीवर मोठ्या ग्रुपची रांग लागलेली असते, तिथे तुमचा हाफ मॅरेथॉनचा टायमिंग काही कामाचा नाही.

आठ तास धरा आणि उजाडता उजाडता गुंजवणं सोडा. तोरणा १४०३ मीटर उंच आहे आणि त्याचा शेवटचा चढ भर दुपारी, उघड्यावर येतो. नोव्हेंबर असला तरी तिथे कातळ तापलेला असतो.

प्रतिसाद

मांड्यांबद्दल लिहितो, कारण याच दुखण्यातून गेलोय. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जोर लावतो, उतरताना तोच स्नायू लांबत असताना ब्रेक लावत असतो. नुकसान होतं ते या ब्रेकने. म्हणून दम कितीही असला तरी पाय जातात, आणि दुखणं लगेच न येता एक-दोन दिवसांनी कळस गाठतं. याला औषध एकच, उतरणं. गंमत अशी की एकदा नीट उतरून पाय दुखून गेले की स्नायू पुढचे काही आठवडे तसा मार बऱ्यापैकी सोसतो. तेव्हा सिंहगडला वर जाऊन जीपने परतत असाल तर ते बंद करा. शेवटचं जोरकस उतरणं बेताच्या दहा-बारा दिवस आधी करा, नंतर पायांना सुट्टी.

उतरताना पावलं लहान आणि भरभर टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, नजर पायाच्या बोटांवर न ठेवता चार-पाच पावलं पुढे. लांब टांग टाकून टाच आपटली की प्रत्येक धक्का गुडघ्यात. घडीची काठी असेल तर घ्याच, एक पुरते.

प्रतिसाद

बूट: खाली चार-पाच मिलिमीटरच्या खाचा असलेले ट्रेल शूज घ्या. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, नाहीतर तोरणा उतरेपर्यंत नखं काळी. बजेट नसेल तर अ‍ॅक्शनचे ट्रेकिंग बूट आहेतच, अर्धा सह्याद्री त्यांवर फिरलाय. फक्त ते पळायला जड आणि टणक पडतात. मात्र एक ध्यानात घ्या, नोव्हेंबरात खरा त्रास वाळून आडव्या पडलेल्या गवताचा. मुरमावरून पाय घसरताना निदान आवाज तरी येतो, गवतावरून पत्ताही लागत नाही. तिरप्या उतारावर गवत दिसलं की पळणं बंद. त्याच गवतात फुरसं आणि घोणसही असते, त्यामुळे दिसत नाही तिथे पाऊल टाकू नका. दुर्दैवाने चावलंच तर आवळून बांधणं, चिरणं असले उद्योग न करता, पाय हलू न देता थेट सरकारी दवाखाना गाठायचा.

ताई, परफ्यूम-डिओ लावून जाऊ नका. कड्यांवर आग्यामोहोळं असतात.

प्रतिसाद

तीन लिटर दोघींना कमी. धारेवर पाण्याचा भरवसा नाही. राजगडावर भरून निघायचं ते थेट तोरण्यावर मेंगाईच्या देवळापर्यंत, हे धरून चाला. माणशी अडीच ते तीन लिटर हवं. टाक्याचं पाणी गाळून, गोळी टाकून.

नुसतं पाणी ढोसत राहिलात तर घामातून गेलेलं मीठ भरून निघत नाही, मग डोकं जड, मळमळ, पेटके. ओआरएस ठेवा. पाकीट एक लिटरचं असेल तर एक लिटरमध्येच टाका. लोक अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं ओततात आणि मग ओआरएसनेच पोट बिघडलं म्हणतात. खायला चिक्की, खजूर, आईने दिलेली दशमी, काहीही चालेल, पण भूक लागायच्या आधी खा.

निघण्यापूर्वी घरी वाट आणि परतायची वेळ लिहून द्या. ११२ तर आहेच, शिवाय महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा नंबर फोनमध्ये असू द्या. धारेवर रेंज येते-जाते.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. पाच तासांचा हट्ट सोडला. पाणी माणशी तीन लिटर, शनिवार-रविवार टाळून मंगळवारी जातोय. सिंहगडला वर जाऊन जीपने खाली यायची चैन आजपासून बंद.

एकच राहिलं. गाडी गुंजवण्यात ठेवली तर संध्याकाळी वेल्ह्याहून परत तिथे कसं जायचं?

प्रतिसाद

उलटं करा. गाडी आदल्या रात्री वेल्ह्यात ठेवा आणि तिथेच राहा. पहाटे जीप ठरवून मार्गासनी-साखरमार्गे गुंजवण्यात या. संध्याकाळचं वडाप (शेअर जीप) भरेल तेव्हा सुटतं, पण पहाटे ठरवलेला जीपवाला येतो. त्याला आदल्या रात्री झोपायच्या आधी एक फोन मात्र करा.

धागाकर्ती

हे पटलं. वेल्ह्यातला कोणी जीपवाला माहीत असेल तर नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? इथे जाहीर नको.