व्हर्च्युअल राउटरवर शिकलेला इंजिनिअर खोटा कसा?

लूपबॅक_झिरो: काल कन्सोलकाकांनी इथे लिहिलं की ईव्ह-एनजीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर व्हर्च्युअल राउटर चालवायच्या सॉफ्टवेअरवर, शिकलेली पोरं नेटवर्कवाली नव्हेतच, खरं शिकायचं तर सेकंडहँड राउटर घ्या. काका, चाळीतल्या खोलीत रॅक ठेवू कुठे? पंख्यांच्या घरघरीवरून शेजारी भांडायला आले की तुम्ही येणार का? आयओएसव्हीला, म्हणजे सिस्को कंपनीच्या व्हर्च्युअल राउटरला, 512 एमबी रॅम पुरते. साध्या लॅपटॉपवर ओएसपीएफचे एरिया, बीजीपी, राउटरांनी एकमेकांना रस्ते सांगायचं सगळं उभं राहतं. ओएसपीएफची जोडणी होताना शेजारी राउटर एक्सस्टार्टच्या टप्प्यात अडकला की आधी एमटीयू, म्हणजे पॅकेटच्या आकाराची मर्यादा, बघायचा, हे मी व्हर्च्युअलवरच शिकलो.

कन्सोलकाका: एमटीयू कळला, छान. केबल कळली का? मध्यंतरी साइटवर असाच एक टॉपर आला होता. लिंक अप, स्पीड रडका. पठ्ठ्या राउटिंग टेबलच बघत बसला! एका टोकाला फुल डुप्लेक्स, म्हणजे पाठवणं-घेणं एकाच वेळी, दुसऱ्याला हाफ, म्हणजे आळीपाळीने. हाफवाल्या पोर्टवर लेट कोलिजनचा, म्हणजे उशिरा होणाऱ्या टकरींचा, आकडा डोळ्यांसमोर वाढत होता. हे तुमच्या इमेजमध्ये, म्हणजे व्हर्च्युअल राउटरच्या फाइलीत, दाखवा.

पुणेरी_पिंग: मुळात त्या इमेज आणता कुठून, ते बोला ना. मी ज्या क्लासला होतो तिथे पहिल्याच दिवशी सिस्कोच्या विनालायसन्स इमेजचा पेनड्राइव्ह फिरवला. भरमसाट फी, पावतीवर जीएसटी, आणि माल चोरीचा.

लूपबॅक_झिरो: म्हणजे मी चोर? तोंड सांभाळून. सिस्कोच्या सीएमएल या व्हर्च्युअल लॅबची फुकट आवृत्ती आहे, 5 नोडपर्यंत, म्हणजे 5 उपकरणांपर्यंत.

पुणेरी_पिंग: 5 नोडमध्ये एमपीएलएस, म्हणजे मोठ्या कंपन्यांचं लेबलवालं नेटवर्क, करून दाखवा, सत्कार करतो. पुढे जायचं तर पर्सनल लायसन्स, वर्षाला 199 डॉलर. फ्रेशरच्या पगारात बसवा.

बेळगावकर_बीजीपी: अहो, जग सिस्कोवर संपतं का? दुसऱ्या कंपन्यांचेही व्हर्च्युअल राउटर-स्विच आहेत. अरिस्टाचं व्हीईओएस खातं उघडलं की मिळतं. ज्युनिपरचं व्हीजुनोस खात्याशिवाय. नोकियाचं एसआर लिनक्स कंटेनरलॅब या लॅब उभारायच्या टूलमध्ये एका कमांडवर येतं. चोरी करायची गरजच काय?

पुणेरी_पिंग: मुलाखतीत एसआर लिनक्स कोण विचारतं? सीसीएनए, म्हणजे सिस्कोचं सर्टिफिकेट, आहे का, एवढंच विचारतात. म्हणून पेनड्राइव्ह फिरतात.

मिक्रोटिकवाली: आमच्या तालुक्याच्या केबलवाल्याकडे सगळे राउटर मिक्रोटिक कंपनीचेच आहेत. त्यांचा व्हर्च्युअल राउटर सीएचआर फुकट मिळतो, पण प्रत्येक इंटरफेसचा अपलोडचा वेग 1 एमबीपीएसवर अडवलेला. पीपीपीओई, म्हणजे ग्राहकाचं युजरनेम-पासवर्डचं कनेक्शन, आणि फायरवॉल गिरवायला तेवढा पुष्कळ. त्यावर सराव करूनच मला काम मिळालं. काका, मी पण खोटीच का?

कन्सोलकाका: तुम्ही खांबावर चढता, तुमची गोष्ट वेगळी.

मिक्रोटिकवाली: खांबावर चढायला माणूस आहे. मी ऑफिसात बसते.

कन्सोलकाका: बरं बाई, राउटिंगपुरतं व्हर्च्युअल चालेल. पण स्विचिंगचं काय? आयओएसव्हीएल2 या सिस्कोच्या व्हर्च्युअल स्विचवर हार्डवेअरचं क्यूओएस, म्हणजे कोणत्या ट्रॅफिकला आधी सोडायचं ते, तपासता येत नाही, कारण खाली एसिक, म्हणजे खऱ्या स्विचमधली खास चिप, नसतोच. आणि मी नोकरीवर घेताना हातात क्रिंपर, म्हणजे केबलला टोक बसवायची पक्कड, देणार म्हणजे देणारच.

लूपबॅक_झिरो: द्या की. पण जाहिरातीत 'बीजीपी तज्ज्ञ हवा' लिहू नका, 'केबल ओढायला माणूस हवा' लिहा.

पुणेरी_पिंग: क्लासच्या पेनड्राइव्हचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.